सुटकेनंतरची गोष्ट

तुरुंगानें मराठी वाङ्मयावर मोठे उपकार केले आहेत, असें आम्ही म्हटलें तर तें केवळ विनोदानें म्हटलें असें वाचकांनीं समजूं नये. लोकमान्य टिळकांनीं 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगांत लिहिलें. विनोबांचीं गीतेवरील प्रवचनें १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत झालीं व सानेगुरुजींनीं तीं उतरून घेतलीं. आणि पुढच्याच वर्षीं त्याच सानेगुरुजींनीं नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' लिहिली. तुरुंगांत लिहिलेल्या या ग्रंथांच्या जोडीला तुरुंगाविषयीं लिहिलेले ग्रंथहि आमच्या भाषेंत आहेत, व त्यांत सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' या १९२७ सालच्या ग्रंथाचें नांव प्रथम निघतें. परंतु याखेरीज एक तिसरा वर्ग संभवतो, आणि तो म्हणजे तुरुंगानंतरच्या आयुष्याचा. दरवाजा उघडल्यावर माणूस कोठें गेला, घरीं त्याला कोणी कसें ओळखलें, सकाळीं उठून त्यानें काय केलें, या प्रश्नांकडे आमच्या लेखकांनीं क्वचितच लक्ष पुरविलें आहे. आत्मचरित्रांतून पाहावें तर बंदिवासाला दहा प्रकरणें मिळतात आणि 'सुटून आलों व पुन्हां कामाला लागलों' अशा अर्थाच्या एका वाक्यांत पुढचें सारें आटोपतें.

युद्धकाळीं स्थानबद्ध केलेल्या माणसांच्या बाबतींत तर ही उणीव फारच जाणवते. स्थानबद्ध माणूस हा शिक्षा झालेल्या कैद्याहून निराळा असतो. त्याच्यावर बहुधा आरोप ठेवलेला नसतो; त्याचा वंश, त्याचें राष्ट्र, त्याचा धर्म किंवा त्याच्यावरचा नुसता संशय एवढेंच त्याला डांबण्यास पुरेसें होतें. कैद्याची शिक्षा एक दिवस संपते. स्थानबद्धाला शिक्षाच झालेली नसल्यामुळें ती संपतहि नाहीं. त्याला सोडतात, पण निर्दोष ठरवीत नाहींत. गांव त्याच्याकडे पूर्वीच्याच संशयानें पाहतो आणि तो स्वतःकडेहि कधीं कधीं त्याच दृष्टीनें पाहूं लागतो. म्हणून त्याच्या बाबतींत खरी गोष्ट सुटकेनंतर सुरू होते, असें आमचें मत आहे.

जालन्याच्या ज्या कॉलेजांत आम्ही शिकवितों तेथें लेखनाच्या वर्गाला गेलीं कांहीं वर्षें आम्ही हाच विषय देत आलों आहों: युद्धांतील स्थानबद्धतेनंतरचें आयुष्य कथारूपानें लिहा. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा या तालुक्यांतून आलेलीं मुलें हें लेखन करितात. त्यामुळें या लेखांत एखाद्या ग्रंथाचें परीक्षण न करितां आम्हीं एका लेखनप्रकाराचें आणि तो शिकविण्याच्या रीतीचें परीक्षण करण्याचें योजिलें आहे. विद्यार्थ्यांच्या लेखनांत जे दोष वारंवार दिसतात ते थोडेच आहेत. परंतु ते केवळ विद्यार्थ्यांचे दोष नसून आमच्या एकंदर कथावाङ्मयाचेच आहेत, आणि म्हणूनच त्यांची चर्चा सुशिक्षित कुटुंबांच्या या मासिकांत करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

पहिला दोष असा कीं, कथा दरवाजाशीं संपते. दहा विद्यार्थ्यांपैकीं आठ जण तारांचें कुंपण, शिपायाची शिटी आणि अर्धपोटी रात्री यांचें वर्णन करीत जातात. अखेर दार उघडतें, सूर्य उगवतो आणि आई धांवत येते. ॲरिस्टॉटलनें शेवटाची व्याख्या करितांना म्हटलें आहे कीं, ज्याच्यामागून आणखी कांहीं येणें आवश्यक नसतें तो शेवट. या कसोटीवर सुटका हा शेवट ठरत नाहीं. तिच्यामागून तर सारेंच येतें. इंग्रजी वाङ्मयाच्या जुन्या वाचकांना हें नवीन वाटूं नये. बायरनच्या १८१६ सालच्या 'शिलाँचा कैदी' या काव्यांत सुटणाऱ्या कैद्याला अंधारकोठडी इतकी आपली झालेली असते कीं, स्वातंत्र्य मिळतांना त्याच्या तोंडून सुस्कारा निघतो. डिकन्सच्या 'ए टेल ऑफ टू सिटीज्' (१८५९) या कादंबरींतील डॉक्टर मॅनेट अठरा वर्षें बॅस्टीलमध्यें काढतो व तेथें जोडे शिवण्याचें काम शिकतो. पुढें लंडनमध्यें मुलीच्या मायेनें तो पूर्ववत् होतो. परंतु तिच्या विवाहाच्या दिवशीं त्याला असा कांहीं धक्का बसतो कीं, नऊ दिवस तो कोणाशीं न बोलतां पुन्हां जोडे शिवीत बसतो. डिकन्सच्या अंगीं भावनेचा अतिरेक करण्याची खोड होती हें खरें. पण या ठिकाणीं त्यानें अश्रूंऐवजीं आरी, चामडें आणि बांक हीं वाचकाच्या हातीं दिलीं, आणि म्हणूनच तो प्रसंग आजहि विसरतां येत नाहीं.

यावरूनच दुसऱ्या दोषाकडे वळतां येतें, आणि तो म्हणजे मोठ्या शब्दांचा हव्यास. 'स्वातंत्र्य', 'वेदना', 'अत्याचार', 'काळोख' हे शब्द विद्यार्थ्यांच्या वहींत पावसाळ्यांतील गवतासारखे माजतात. ते खोटे नव्हेत. परंतु ते कोणाचेहि असूं शकतात, आणि जें कोणाचेंहि असूं शकतें तें कथेच्या कामीं पडत नाहीं. यावर आम्ही योजिलेला उपाय अगदीं साधा आहे. 'सुटकेनंतरच्या पहिल्या चौदा दिवसांचा वृत्तांत लिहा. त्यांत तुरुंग, स्वातंत्र्य, अश्रू व दुःख हे चार शब्द येतां कामा नयेत', असें आम्ही सांगतों. पहिल्यानें वर्गांत कुरकूर होते. मग एखादा विद्यार्थी लिहितो कीं, घरीं आलेला माणूस ताटांत वाढलेली भाकरी अर्धीच खाई व उरलेली धोतराच्या सोग्यांत बांधून ठेवी. दुसरी विद्यार्थिनी लिहिते कीं, मोसंबीच्या बागेंत कामाला गेलेला तिचा नायक दुपारीं विहिरीवर पाणी प्यावयास जाण्यापूर्वीं मुकादमाची परवानगी मागे आणि इतर मजूर त्याला हंसत. हीं दोन वाक्यें वाचून झाल्यावर वगळलेल्या चारहि शब्दांची कोणालाच आठवण राहिली नाहीं.

या बाबतींत आदर्श म्हणून आम्ही वर्गांत ज्यूली ओत्सुका या जपानी वंशाच्या अमेरिकन लेखिकेची 'व्हेन द एम्परर वॉज डिव्हाइन' (२००२) ही लहानशी कादंबरी वाचून दाखवितों. १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारें १,२०,००० माणसांना घरांतून काढून छावण्यांत ठेविलें. त्यांतील बहुसंख्य जन्मानें अमेरिकन नागरिक होते. कादंबरींतील आई, मुलगी व मुलगा यांना नांवें दिलेलीं नाहींत. तीन वर्षांहून अधिक काळानें तीं आपल्या घरीं परततात तेव्हां घर नासधूस झालेलें असतें. आणि निजण्यासाठीं तीं नकळत जी खोली निवडतात तिची लांबीरुंदी छावणींतल्या त्यांच्या खोलीशीं जुळणारी असते. या एका तपशिलांत स्थानबद्धतेचा सारा इतिहास आला आहे. परतीचें हें प्रकरण लेखिकेनें मुलांच्या तोंडून, पण 'आम्ही' या सर्वनामानें सांगितलें आहे, हेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे. छावणींतून आलेलें मूल एकट्याच्या नांवानें बोलावयास धजत नाहीं, हें त्या एका सर्वनामानेंच कळतें. विद्यार्थ्यानें निवेदकाची निवड कशासाठीं करावी, हें शिकविण्यास याहून चांगलें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

त्याच समाजांतील जॉन ओकाडा याची 'नो-नो बॉय' (१९५७) ही कादंबरी याहून कठोर आहे. तिचा नायक दोन वर्षें छावणींत व सैन्यांत जाण्याचें नाकारल्याबद्दल दोन वर्षें तुरुंगांत काढून सिॲटलला परत येतो. तेथें गोरे लोक त्याला आपला मानीत नाहींत आणि युद्धावर जाऊन आलेले त्याच्याच वंशाचे तरुण त्याच्यावर थुंकतात. या पुस्तकाची पहिली आवृत्ति १५०० प्रतींची होती, आणि १९७१ सालीं लेखक वारला तेव्हांहि ती संपली नव्हती. पुढें १९७६ सालीं तें पुन्हां छापलें गेलें आणि तेव्हांपासून तें आदरानें वाचलें जातें. ज्यांच्याविषयीं तें लिहिलें होतें त्या समाजालाच तें प्रथम नको होतें. सुटकेनंतरची गोष्ट लिहिणाऱ्याला वाचक मिळण्यास पुष्कळदां एक पिढी जावी लागते, आणि म्हणून ती गोष्ट ऐकण्याची तयारी करणें हेंहि शिक्षकाचें एक काम आहे, हा बोध आम्हीं यावरून घेतला.

तिसरा दोष दूरत्वाचा. विषय दिल्याबरोबर विद्यार्थ्यांचें मन चित्रपटांत पाहिलेल्या जर्मनीकडे धांवतें. जणूं आमच्या देशांत युद्धकाळीं कोणी स्थानबद्ध झालेंच नाहीं! वस्तुतः १९६२ च्या चीनयुद्धांत आसाम, दार्जिलिंग इत्यादि ठिकाणच्या चिनी वंशाच्या सुमारें ३००० माणसांना पकडून राजस्थानांतील देवळीच्या छावणींत ठेविलें होतें. १९४१ सालीं जयप्रकाश नारायण यांना इंग्रजांनीं याच देवळींत डांबलें होतें, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे. सुटलेल्यांपैकीं अनेकांना घर, दुकान किंवा धंदा पूर्वीचा राहिलेला आढळला नाहीं. कित्येकांना तर ज्या चीनला त्यांनीं पाहिलेंहि नव्हतें त्या देशीं पाठविण्यांत आलें. रीता चौधरी यांची 'माकाम' ही असमिया कादंबरी २०१० सालीं प्रसिद्ध झाली, तोंपर्यंत भारतीय वाचकांपैकीं बहुतेकांना या घटनेची गंधवार्ताहि नव्हती.

आणि महाराष्ट्रांत पाहावयाचें तर कोल्हापूरजवळचें वळिवडें आहे. १९४० पासून रशियानें पूर्व पोलंडमधील हजारों कुटुंबें सैबेरिया व कझाकस्तानकडे हांकून नेलीं. १९४१ च्या करारानें त्यांची सुटका झाली आणि इराणमार्गें त्यांतील सुमारें ५००० माणसें, मुख्यत्वें स्त्रिया व मुलें, वळिवड्याच्या वसाहतींत येऊन राहिलीं. १९४३ ते १९४८ या काळांत तेथें त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतें, नाटकें होत होतीं. आमचे विद्यार्थी ही हकीकत ऐकून हर्षित होतात व 'अतिथि देवो भव' म्हणून कथा संपवितात. कोल्हापूरकरांच्या सौजन्याला उणेपणा न आणतां आम्ही त्यांना विचारतों कीं, पंचगंगेच्या कांठीं कपडे धूत बसलेल्या त्या पोलिश बाईला रात्रीं झोंप येत होती काय? नवरा कोठल्या आघाडीवर आहे हें तिला ठाऊक होतें काय? मुलगा शेजारच्या पोरांबरोबर मराठी शब्द बोलूं लागला तेव्हां ती हंसली कीं घाबरली? १९४८ सालीं तें गांव सोडून इंग्लंडला किंवा ऑस्ट्रेलियाला जातांना तिनें पेटींत काय भरलें? या प्रश्नांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे आतिथ्याची गोष्ट सुटकेनंतरची गोष्ट होते.

येथवर कोणाचा फारसा मतभेद होणार नाहीं. खरी अडचण पुढें आहे. कारण वळिवड्याहूनहि जवळचें असें एक वर्ष आमच्या जिल्ह्याच्या पोटांत आहे, व तें म्हणजे १९४८. जालना तेव्हां निजामाच्या राज्यांतील औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. १९४७ च्या ऑगस्टपासून स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते तुरुंगांत पडले, रझाकारांच्या भयानें अनेक कुटुंबें हद्दीपलीकडे वऱ्हाडांत गेलीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य आंत शिरलें आणि १७ तारखेला निजामाचें राज्य संपलें. तुरुंगांतले सुटले. त्याबरोबरच दुसऱ्या बाजूचे आंत गेले; त्यांत खरोखर अत्याचार केलेले रझाकार होते आणि केवळ संशयावरून धरलेले मुसलमान गृहस्थहि होते. त्यानंतर कित्येक जिल्ह्यांत मुसलमान वस्तीवर जो प्रसंग गुदरला त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें केली. तो अहवाल २०१३ पर्यंत लोकांच्या नजरेस पडला नाहीं.

पुष्कळ विचारी माणसें आम्हांस म्हणतात कीं, हा विषय वर्गांत आणूं नये. त्यांचे आक्षेप दोन आहेत. पहिला असा कीं, ज्यानें भोगलें नाहीं त्यानें लिहूं नये. वीस वर्षांच्या मुलानें परक्याच्या यातनेशीं खेळणें हें औद्धत्य होय. या आक्षेपांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच आहे. छावणींतील छळाचें वर्णन न भोगलेल्यानें करणें आम्हांलाहि आवडत नाहीं, आणि म्हणूनच तो भाग आम्ही विद्यार्थ्याला लिहूं देत नाहीं. परंतु सुटून आलेला माणूस एकटा राहत नाहीं. तो घरांत राहतो, आणि घरांतलीं माणसें छावणींत गेलेलीं नसतात. त्यांच्या बाजूनें पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला आहे. कारण तोहि कोणत्या तरी घरांत वाढलेला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आमच्या वर्गांत दोन्ही समाजांचीं मुलें शेजारीं बसतात. झांकलेली जखम उघडून काय साधणार? यावर आमच्या अनुभवाचा आधार देणें प्राप्त आहे. एके वर्षीं दोन कथा एकाच तासाला वाचल्या गेल्या. एका विद्यार्थ्याच्या कथेंत निजामाच्या तुरुंगांतून सुटलेला कार्यकर्ता होता. एका विद्यार्थिनीच्या कथेंत कारवाईनंतर पकडला जाऊन काहीं महिन्यांनीं सोडलेला एक कारकून होता. दोघांनीं एकमेकांची कथा पाहिली नव्हती. पहिल्या कथेंत त्या कार्यकर्त्याची बायको मधल्या महिन्यांत कापसाचा हिशेब स्वतः पाहावयास शिकली होती, आणि नवरा परतल्यावर पेटीची किल्ली कोणाच्या कमरेला राहावी हा प्रश्न कोणी उच्चारला नाहीं, पण घरांत तो रोज होता. दुसऱ्या कथेंत कारकुनाची बायको शिवणकाम करून मुलांना पोसूं लागली होती; नवरा परतला तो दिवसभर उंबऱ्यांत बसे व गिऱ्हाइकें त्याला पाहून परत जात. वाचन संपल्यावर वर्गांत वादविवाद होईल अशी आमची अपेक्षा होती. तसें न होतां मुलांनीं त्या दोन बायकांविषयींच प्रश्न विचारले.

या दोन कथांनीं या लेखनप्रकाराचें मर्म दाखविलें, असें आम्हांस वाटतें. स्थानबद्ध मनुष्य परत येतो तेव्हां घर त्याच्यावांचून चालावयास शिकलेलें असतें. तें शिकलें म्हणूनच तर तो परत येईपर्यंत टिकलें. आतां त्याच्यासाठीं जागा करावयाची तर कोणाला तरी सरकावें लागतें. या सरकण्यांत जो संकोच, जो अभिमान, जी दया आणि जो राग असतो, तो या कथेचा खरा विषय आहे. आमच्या जुन्या वाङ्मयानें परतणाऱ्या पुरुषाला ओवाळून घरांत घेतलें. ओवाळणाऱ्या हातानें मधल्या काळांत काय काय केलें हें विचारावयाचें तेवढें राहून गेलें.

परंतु येथें एक इशारा दिल्याशिवाय आम्हांस पुढें जातां येत नाहीं. दोन घरांचें दुःख सारख्याच बारकाईनें लिहिलें म्हणजे दोन पक्षांचें कृत्य सारखें ठरतें, असा समज विद्यार्थ्यांत पसरूं देऊं नये. एका घराला पुढें स्वातंत्र्यसैनिकाचा मान मिळाला, दुसऱ्याला आपली हकीकत सांगावयास शब्दहि मिळाला नाहीं. हा भेद कथेंत दिसला पाहिजे. त्याचप्रमाणें रझाकारांनीं केलेले अत्याचार हे अत्याचार होते, हें दुसऱ्या कथेच्या करुणेनें पुसलें जातां कामा नये. वाङ्मय हें न्यायासन नव्हे, तसेंच तें माफीची कचेरीहि नव्हे. अमेरिकन सरकारनें १९८८ सालीं कायदा करून आपल्या जपानी वंशाच्या नागरिकांची क्षमा मागितली व हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. तें सरकारचें काम होतें व तें सरकारनें केलें. तो परतलेला बाप मुलांना इतका परका कां वाटला, हें मात्र कायद्याला सांगतां आलें नाहीं. तें ओत्सुकाबाईंना सांगावें लागलें.

शिक्षकांसाठीं आमच्या सूचना थोडक्यांत अशा आहेत. कथेचा आरंभ सुटकेच्या दुसऱ्या दिवसापासून करावयास लावावा. भूतकाळ नायकाच्या तोंडून न वदवितां त्याच्या संवयींतून दाखवावयास सांगावें. निवेदक शक्य तों घरांतला असावा. ऐकलेली गोष्ट व कल्पिलेली गोष्ट यांची गफलत होऊं देऊं नये. जेथें ठाऊक नाहीं तेथें तसें कथेंतच दिसूं द्यावें, कारण आजोबा त्याविषयीं कधीं बोलले नाहींत हेंहि एक प्रकारचें कथानकच आहे. आणि कोणाच्या घरची हकीकत असेल तर त्या घरची संमति घेतल्याखेरीज ती वर्गांत वाचूं नये.

या कामाला आतां फार अवधि राहिलेला नाहीं. १९४८ सालीं जो वीस वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या पुष्कळ पुढें गेला असेल, आणि बहुतेक जण तर गेलेच आहेत. त्यांच्या सुना व मुलें यांच्या स्मरणांत जें थोडें उरलें आहे तेंहि किल्लीसारखें, शिवणयंत्रासारखें, अर्ध्या भाकरीसारखें लहानसहान आहे. इतिहासकार त्याला पुरावा म्हणून कदाचित् घेणार नाहीं. कथालेखकानें तें घ्यावें. कारण त्याला लागतें तें तेवढेंच, आणि तें दुसऱ्या कोणापाशींहि मिळणार नाहीं.